सीमेवरच्या जवानासाठी गाण्यांचे कार्ड कसे भरावे

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात माथाडी कामगारांची जी घरे आहेत, त्यांतील पुष्कळांची गावे सातारा जिल्ह्यात आहेत, आणि साताऱ्याकडचे घर म्हटले की त्यात किंवा त्याच्या भावकीत एखादा तरी फौजी निघतोच. आमच्याकडेही तसेच आहे. थोरले बंधू तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते; त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, भरती होऊन आता आठ वर्षे झाली, आणि तो ज्या पोस्टवर असतो तिथे वर्षातले कित्येक महिने मोबाइलला रेंज नसते. त्याच्यासाठी मी आजवर गाण्यांची चार मेमरी कार्डे भरली. पहिले सपशेल फसले. पुढच्या तिघांत जे हळूहळू जमत गेले ते इथे मांडतो आहे, कारण हे काम वाटते तितके सोपे नाही.

पहिल्या कार्डात मी सहाशे गाणी भरली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक देशभक्तीपर होती. सुट्टीवर आल्यावर तो अत्यंत अदबीने म्हणाला, "काका, ती गाणी तुम्ही आमच्यासाठी ऐका. आम्हाला तुमची पाठवा." कार्ड भरणाऱ्याने सर्वात आधी हीच गोष्ट मनात पक्की करावी. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आपण जी गाणी लावतो, ती सैनिकाविषयी आपल्याला काय वाटते ते सांगणारी असतात. 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी पहिल्यांदा गायले, ते चीनबरोबरच्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी मागे राहिलेल्यांनी डोळे पुसावेत म्हणून. त्यात हाक मारली आहे तीही देशवासीयांनाच. त्याची थोरवी वादातीत आहे, पण रात्री दोन वाजता पहारा संपवून आलेल्या माणसाला झोप लागावी यासाठी ते गाणे नाही.

सैनिक काय ऐकतो

युद्धांचा इतिहास चाळला तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ येथील छावणीत होते. तिथे जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे नेली आणि कैद्यांना आपापल्या बोलीत काहीतरी म्हणायला लावले. ती ध्वनिमुद्रणे बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आजही आहेत. त्यांत गुरख्यांनी गायलेली गाणी आहेत, आणि ती पराक्रमाची नाहीत, दूर राहिलेल्या मुलुखाची आहेत.

दुसऱ्या महायुद्धात तर एका गाण्याने शत्रुत्वाची रेघच पुसट केली. 'लिली मार्लेन' ही कविता हान्स लाइप या जर्मन सैनिकाने १९१५ मध्ये लिहिली, १९३९ मध्ये लाले अँडरसनने ती गायली, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यात आलेल्या बेलग्रेड रेडिओने ती रोज रात्री दहाच्या सुमारास वाजवायला सुरुवात केली आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सैनिकांबरोबर त्यांच्यासमोरचे ब्रिटिश सैनिकही ती ऐकू लागले. छावणीच्या दाराशी, दिव्याखाली उभ्या असलेल्या मुलीचा निरोप घेणारा एक पहारेकरी, एवढाच त्या गाण्याचा विषय आहे. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला ते मुळीच आवडत नसे. तिकडे ब्रिटनमध्ये व्हेरा लिनची हळवी गाणी ऐकून सैनिक लेचेपेचे होतील, अशी तक्रार काही मंडळी करत होती. सैनिकांना मात्र तीच हवी होती, आणि १९४४ मध्ये ती बाई ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत जाऊन गाऊन आली. सैनिकाने काय ऐकावे हे ठरवणाऱ्यांचे आणि प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांचे फारसे कधी जुळलेले दिसत नाही. मी पहिल्या कार्डात ठरवणाऱ्यांच्या बाजूला होतो.

लोकप्रिय गाण्याचा उपयोग नेमका कशात असतो? पलटणीत माणूस हुद्दा आणि क्रमांक यांनी ओळखला जातो, आणि ते आवश्यकच असते. पण दहावीत असताना घणसोलीच्या हळदीत नाचलेले गाणे कानावर पडले की त्या तीन-चार मिनिटांपुरता तो हुद्दा बाजूला राहतो. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाच्या स्मरणात सर्वाधिक घट्ट बसतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. दुसरा उपयोग शरीराचा. धोक्याच्या प्रसंगी वाढलेली हृदयाची गती आणि श्वास प्रसंग टळल्यावरही लगेच खाली येत नाहीत, आणि संथ लयीचे परिचित संगीत ते खाली आणायला मदत करते. तिसरा उपयोग एकत्र गाण्याचा: एका तालात गाणारी माणसे परस्परांना अधिक जवळची वाटू लागतात. हे मराठा लाईट इन्फंट्रीच्या झांज पथकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आधी विचारावे, मग निवडावे

कार्ड भरण्यापूर्वी त्याच्याशी एकदा निवांत बोलावे. "तुला कोणती गाणी आवडतात?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्यावर "काहीही चालेल" असेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके विचारावे: भरतीच्या तयारीला पहाटे धावताना मोबाइलवर काय लावायचास, कॉलेजच्या गॅदरिंगला कशावर नाचलात, गावच्या यात्रेतल्या तमाशातले काय आठवते, ट्रकमधून जाताना ड्रायव्हर काय लावतो. माझ्या पुतण्याच्या बाबतीत किल्ली २०१६ हे वर्ष निघाले. त्या वर्षी 'सैराट' आला, तो अठरा वर्षांचा होता, आणि त्या एका उन्हाळ्यातली वीसेक गाणी त्याच्यासाठी माझ्या साठ वर्षांच्या निवडीपेक्षा मोलाची ठरली. मला त्यांतील निम्मी गोंगाट वाटतात, पण कार्ड माझ्यासाठी नाही.

यानंतर एक नाजूक प्रश्न विचारायचा असतो, आणि तोही आडवळणाने: "जुन्या कार्डातले कोणते गाणे काढू?" एखादे गाणे वाजत असतानाच वाईट बातमी आली असेल, किंवा ते एखाद्या गमावलेल्या सोबत्याचे आवडते असेल, तर पुढे ते नुसते ऐकू आले तरी सगळा प्रसंग उभा राहतो. त्याने एखादे नाव सांगितले तर कारण न विचारता ते काढावे. माझ्या पुतण्याने दोन गाणी काढायला सांगितली. त्यांतील एक अगदी साधे, आनंदी गाणे आहे. का ते मी आजतागायत विचारलेले नाही.

मांडणी

मांडणीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो, कारण निवड चांगली असूनही मांडणी चुकल्यामुळे माझे दुसरे कार्ड अर्धे वाया गेले. त्यात मी पुतण्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घातल्या होत्या आणि त्या बाकीच्या गाण्यांतच मिसळल्या होत्या. प्लेअर गाणी उलटसुलट क्रमाने वाजवत होता. सगळे हसत-खिदळत चहा पीत बसलेले असताना नाचाच्या गाण्यानंतर अचानक आजीचा आवाज आला आणि त्याला उठून बाहेर जावे लागले. घरचा आवाज ही मोठी गोष्ट आहे, पण तो केव्हा ऐकायचा हे ऐकणाऱ्याच्या हाती हवे. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांच्या व्याधीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले, तेव्हा त्याच्यासमोर परमुलुखात असलेली स्विस माणसे होती, आणि स्विस भाडोत्री सैनिकांपुढे त्यांच्या गुराख्यांची धून वाजवण्यास बंदी होती, असे पुढे तत्त्वज्ञ रूसोने आपल्या संगीतकोशात नोंदवून ठेवले आहे. बंदी घालण्याची गरज नाही. वेगळे फोल्डर पुरेसे आहे. त्याचे नाव 'घर' ठेवावे आणि ते सर्वात शेवटी ठेवावे.

बाकीच्या फोल्डरांपैकी मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते गस्तीनंतरचे. तणावात असलेल्या माणसाला एकदम बासरी ऐकवली तर ती त्याला चिडवल्यासारखी वाटते. संगीतोपचारात एक जुने तत्त्व आहे की ऐकणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि तिथून त्याला पायरीपायरीने हव्या त्या स्थितीकडे न्यावे. म्हणून या फोल्डरात पहिली दोन-तीन गाणी चांगली जोरकस, ढोल-ताशाची किंवा रॅपची असावीत, नंतरची मध्यम लयीची, आणि दहाव्या-बाराव्या गाण्यापर्यंत लय मिनिटाला साठ ते ऐंशी ठोक्यांवर उतरावी. लय मोजण्यासाठी घड्याळ लावून ठेका धरला तरी पुरते. एकूण लांबी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ठेवावी. निघण्यापूर्वीच्या जोशासाठी वेगळे फोल्डर करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. इराकमध्ये अमेरिकी सैनिक गस्तीवर निघताना हेवी मेटल आणि रॅप लावत असत, पण जोश चढवण्याचे काम आपल्या पलटणींत युद्धघोष उत्तम करतो. परतल्यावर उतरण्याची सोय मात्र कोणीतरी करून द्यावी लागते.

झोपेच्या फोल्डरात शब्द कमी कमी होत जावेत. सुरुवातीला जुनी भावगीते, मग वाद्यसंगीत. प्लेअरला आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती तीस मिनिटांवर लावून द्यावी. गोळीबाराच्या आवाजाने पुष्कळ सैनिकांच्या कानांत कायमची गुणगुण सुरू होते, आणि ती रात्रीच्या शांततेत अधिक जाणवते. अशांना अगदी हलक्या आवाजातले संगीत त्या गुणगुणीवर पांघरूण घालते म्हणून हवेसे वाटते. पण इअरफोनचा आवाज मोठा ठेवला तर उरलेला कानही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल आवाजाची आठवड्याला ४० तास इतकी आहे. आवाज प्लेअरच्या निम्म्यावर ठेवावा, हे सांगणे सोपे पडते. पहाऱ्यावर इअरफोन मुळीच नको, हे त्याला सांगावे लागत नाही. त्याचा सुभेदार सांगतो.

सकाळचे फोल्डर ही माझ्या वहिनींची कल्पना, आणि ती माझ्या सगळ्या कल्पनांपेक्षा सरस निघाली. मराठी कानाला आकाशवाणीने वेळ शिकवून ठेवली आहे: अभंग आणि भूपाळी ऐकू आली की सकाळ झाली, चुलीवर पाणी तापते आहे, कोणीतरी शाळेला निघते आहे. जिथे पाळ्यांमुळे दिवस-रात्र एकमेकांत मिसळून जातात, तिथे पंधरा मिनिटांची ही सकाळ दिवसाला कड देते. सहा-सात अभंग पुरतात. ते रोज तेच असावेत, बदलू नयेत.

सगळ्यांसाठीच्या फोल्डरात मात्र भरपूर घालावे. बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या सामूहिक जेवणाला, किंवा बर्फाने रस्ता बंद झाल्यावर बराकीत बसून गाताना एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी झेलायची अशी गाणी चालतात. भारूड, गोंधळ, पोवाड्याची ध्रुवपदे त्यासाठी जणू बनवलेलीच आहेत, पण सर्वाधिक यश आले ते आमच्या शेजारच्या गावठाणातल्या आगरी-कोळी गाण्यांना. त्याच्याबरोबरच्या गढवाली आणि बिहारी जवानांना शब्द एक कळत नाही, तरी हळदीचे गाणे लागले की सगळे उठतात, असे त्याने कळवले. ज्यांच्याकडे त्या पट्ट्यातली गाणी नसतील त्यांनी कोणत्याही आगरी मित्राला विचारावे; तो पेनड्राइव्ह भरून देईल आणि हळदीचे आमंत्रणही देईल.

यंत्र, कार्ड आणि टपाल

संगीताच्या ॲपवर उतरवून ठेवलेली गाणी रेंज नसलेल्या पोस्टवर भरवशाची नाहीत. ती कार्डावर नेता येत नाहीत, आणि ठरावीक दिवसांत, काही ॲपच्या बाबतीत तीस दिवसांत, इंटरनेटला जोडले नाही तर बंद पडतात. शिवाय लष्कराने जुलै २०२० मध्ये ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकण्याचा आदेश जवानांना दिला होता, आणि कित्येक ठिकाणी मोबाइल वापरण्यावरच निर्बंध असतात. तेव्हा मेमरी कार्ड चालणारा, बटणांचा साधा प्लेअर उत्तम. तोही त्याच्या युनिटमध्ये चालतो का हे त्यालाच आधी विचारून घ्यावे. आपले कार्ड किंवा पेनड्राइव्ह तिथल्या सरकारी संगणकाला लावायचे नसते, हेही घरच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

गाणी विकत घेतलेली किंवा आपल्याच सीडीवरून उतरवलेली असावीत. एमपी३ स्वरूपात १९२ केबीपीएस दर्जाचे चार मिनिटांचे गाणे सुमारे सहा एमबी जागा घेते; म्हणजे आठ जीबीच्या कार्डावर हजाराहून अधिक गाणी मावतात, आणि दोनशेहून अधिक भरण्याची गरज नसते. स्वस्त प्लेअर ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड बहुधा वाचत नाहीत. फाइलींच्या नावांआधी 001, 002 असे आकडे इंग्रजी अंकांत घालावेत, म्हणजे क्रम टिकतो. देवनागरी नावांच्या जागी काही प्लेअर नुसते चौकोन दाखवतात. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करून घ्यावा, नाहीतर झोपेच्या फोल्डरात एखादे गाणे दचकवते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरने हे काम होते.

थंडीचा विचार वेगळा करावा लागतो. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी भराभर उतरते, आणि त्या तापमानात ती चार्ज केली तर कायमची बिघडते. प्लेअर आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. पेन्सिल सेलवर चालणारा प्लेअर मिळाला तर लिथियमचे पेन्सिल सेल थंडीत साध्या सेलांपेक्षा कितीतरी चांगले टिकतात.

कार्ड टपालाने पाठवताना पत्त्यात गावाचे नाव लिहायचे नसते. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मग पश्चिमेकडे असेल तर ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) आणि पूर्वेकडे असेल तर ९९ एपीओ, आणि ९ पासून सुरू होणारा पिन कोड, एवढेच. बॅटरी असलेला प्लेअर टपालात टाकू नये. सुट्टीवरून परतणाऱ्या कोणाबरोबर तरी द्यावा. 'घर' फोल्डरासाठी ध्वनिमुद्रण करताना त्याच्या पोस्टचे नाव, पलटण कुठे हलणार, तो कोणत्या गाडीने कधी निघणार, यातले काहीही बोलले जाऊ नये. काही मोबाइल ध्वनिमुद्रणाच्या फाइलीला त्या जागेचेच नाव देतात, म्हणून फाइलींची नावे बदलूनच त्या कार्डावर घालाव्यात. आणि त्या फोल्डरात फार बोलू नये. आमच्या फोल्डरात आजीच्या चार ओव्या आहेत, त्याच्या आईने भाकऱ्या थापताना गुणगुणलेले एक गाणे आहे, मागे भाकरीचा थाप-थाप आवाज आहे, आणि ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये होणारी कोपरखैरण्याची घोषणा आहे. ही घोषणा त्याने स्वतः मागितली होती.

रेडिओ असेल तर आणखी एक सोय आहे. विविध भारतीवर संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर लागणारा 'जयमाला' हा फौजी बांधवांच्या फर्माइशीचा कार्यक्रम इकडे आपण आणि तिकडे त्याने एकाच वेळी ऐकावा. दोघांच्या कानांवर त्या मिनिटाला तेच गाणे पडते आहे ही जाणीव कार्डावर मावत नाही.

तो सुट्टीवर आल्यावर

इथे आपले शहर आडवे येते. गणपती, दहीहंडी, दिवाळी या दिवसांत ठाण्यात आणि नवी मुंबईत डीजेचे थर आणि फटाके यांतून सुटका नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सुट्टी मंजूर करून आणण्यासाठी घरचे त्याच्यामागे लागलेले असतात. ज्या गाण्यावर तो बराकीत नाचतो, तेच गाणे इथे भिंती हादरवणाऱ्या आवाजात लागले की त्याला नकोसे होऊ शकते. त्याला मिरवणुकीत ओढू नये, आणि तो आपण होऊन गेला तर अडवूही नये. घरात पहिले काही दिवस गाणे लावायचे की नाही आणि कोणते, हे त्याच्यावर सोपवावे. तो रात्री बाल्कनीत इअरफोन लावून बसला, तर जेवायला हाक मारण्यापुरतेच उठवावे.

गाणे औषध नाही, याचे भान ठेवावे. झोप न लागणे, लहानशा आवाजाने दचकणे, तोच तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, माणसे टाळणे, असे महिनाभराहून अधिक चालले किंवा त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसू लागला, तर युनिटच्या डॉक्टरांना सांगण्याविषयी त्याच्याशी उघडपणे बोलावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. मराठीत बोलता येते.

सुट्टी संपण्याच्या चार दिवस आधी नवे कार्ड तयार ठेवावे. जुन्यातली सकाळ आणि घर जशीच्या तशी उचलावीत, बाकीचे बदलावे. जुने कार्ड परत मागण्यात अर्थ नसतो, कारण ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी प्लेअरमध्ये गेलेले असते. आमचे तिसरे कार्ड एका गढवाली जवानाकडे आहे, असे कळले. म्हणून चौथ्यात मी गढवाली गाण्यांचे एक छोटे फोल्डर घातले, आणि त्यासाठी वाशीत गढवाली माणूस शोधायला मला दोन रविवार लागले.